ग्रंथालयातील काव्यवाचन : मुद्रित आणि उच्चारित कवितेचा संबंध

मराठी कवितेचा इतिहास प्रामुख्याने मुद्रित संग्रहांच्या आधारे लिहिला गेला आहे. संग्रहाचे प्रकाशनवर्ष उपलब्ध असते. कवीच्या आवाजाची नोंद मात्र क्वचितच राहते. त्यामुळे श्रोत्यांसमोर झालेले काव्यवाचन आठवणींच्या रूपानेच उरते आणि कवितेच्या प्रसारातील त्याचा वाटा दुर्लक्षित राहतो.

या संदर्भात उर्दू मुशायऱ्याशी तुलना उद्बोधक ठरते. मुशायऱ्याची परंपरा दरबार व उस्ताद-शागीर्द संबंध यांच्या आश्रयाने घडली. तरन्नुममधील गायन आणि तहत-उल-लफ्ज पठण हे तिचे दोन मान्य प्रकार होत. मराठीत कीर्तन आणि शाहिरी यांची समृद्ध मौखिक परंपरा होती; पण आधुनिक कवीला मिळालेले व्यासपीठ निराळे होते. पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालये आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालये यांसारख्या संस्थांनी वाचक व श्रोता एकत्र आणला. छापील शब्दाच्या प्रसारासाठी उभ्या राहिलेल्या वास्तूंतच कविता पुन्हा उच्चारली जाऊ लागली, हा या इतिहासातील लक्षणीय भाग होय.

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केले. यशवंत आणि गिरीश हे आपल्या कविता चालीवर म्हणत. फारसीचे अध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजली’ (१९३३) द्वारे गझलेची वृत्ते मराठीत रुजवली. मात्र गायनामुळे कवितेचा आशय सुरांच्या मागे पडण्याचा धोका होता. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) मधील विडंबनांचा रोख याच काव्यसंप्रदायावर होता.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) नंतर प्रश्न अधिक बिकट झाला. यंत्रयुगातील विसंगती मांडणारी, सहज अर्थ न देणारी कविता समूहापुढे कशी न्यावी? या प्रश्नाचे एक उत्तर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्या संयुक्त काव्यवाचनांनी दिले. महाराष्ट्रभर झालेल्या या कार्यक्रमांत गायनाची जागा पठणाने घेतली. बापटांच्या मागे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा अनुभव होता. पाडगावकरांकडे गीताची लय होती. करंदीकरांच्या पठणात वैचारिक कवितेतील ताण आवाजाच्या चढउतारांतून स्पष्ट होई. तीन भिन्न प्रकृतींच्या कविता एकाच बैठकीत ऐकल्याने श्रोत्याला नकळत तुलनेची सवय लागली.

तरीही या यशाला मर्यादा होती. सभागृहात तत्काळ दाद मिळवणारी कविता पुढे येते; एकांतात पुनःपुन्हा वाचावी लागणारी कविता मागे राहते. मर्ढेकरांच्या वाटेने गेलेली बरीचशी कविता अशा सभांपासून दूरच राहिली. म्हणजे काव्यवाचन हे प्रसाराचे साधन होते, तसेच ते निवडीचेही साधन होते.

करंदीकरांचे २०१० मध्ये आणि पाडगावकरांचे २०१५ मध्ये निधन झाले. बापट त्यापूर्वीच, २००२ मध्ये निवर्तले होते. त्यांचे संग्रह ग्रंथालयांत आहेत. परंतु त्याच ग्रंथालयांची कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्ते आणि उपलब्ध ध्वनिमुद्रणे यांचा साधन म्हणून विचार झाला, तरच कोणती कविता कोणत्या श्रोत्यांनी स्वीकारली हे कळू शकेल. तौलनिक साहित्याभ्यासाने मुशायरा, हिंदी कविसंमेलन आणि मराठी काव्यवाचन यांना एकत्र पाहताना केवळ सादरीकरणाच्या शैलीकडे न पाहता, आश्रय देणाऱ्या संस्थेकडेही पाहणे आवश्यक आहे.