स्पॅनियल : जात आधी की काम आधी? (थ्रेड)

१/ ३ जानेवारी १८९९. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, सटन स्कार्सडेल येथे विल्यम आर्कराइट यांच्या जमिनीवर काही शिकारी आपापले कुत्रे घेऊन जमले होते. कुत्र्याचे कान किती लांब आणि अंगावरचे केस किती मऊ, हे त्या दिवशी कोणी पाहणार नव्हते. काटेरी झुडपात शिरून शिकार कोण उठवतो, एवढाच प्रश्न होता. स्पॅनियल कुत्र्यांची ही पहिली मैदानी चाचणी.

२/ पहिला क्रमांक पटकावला 'बीचग्रोव्ह बी' या क्लंबर स्पॅनियलने. क्लंबर म्हणजे पांढराशुभ्र, जडशीळ, संथ चालीचा कुत्रा. आज अशा चाचण्यांत क्लंबर अभावानेच दिसतो. मैदान स्प्रिंगर आणि कॉकर यांच्या ताब्यात आहे. सव्वाशे वर्षांत एवढी उलथापालथ का झाली? त्यासाठी सहा शतके मागे जावे लागते.

३/ 'स्पॅनियल' या शब्दाचा मूळ अर्थ 'स्पेनचा'. फ्रान्समधील फ्वा प्रांताचा सरदार गास्तों फेब्युस याने १३८७ मध्ये शिकारीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात तो या कुत्र्यांना 'पक्ष्यांचे कुत्रे' म्हणतो आणि त्यांचे मूळ स्पेनमध्ये असल्याचे सांगतो. एक गोष्ट ध्यानात घ्यावी : या चित्रात बंदूक कोठेच नाही.

४/ बंदुकीपूर्वी स्पॅनियलचे जोडीदार दोन : ससाणा आणि जाळे. पहिल्या पद्धतीत कुत्रा गवतातून पक्षी उठवी आणि ससाणा त्यावर झडप घाली. दुसऱ्या पद्धतीत तितरांचा वास येताच कुत्रा जमिनीशी दबून बसे आणि शिकारी पक्ष्यांवर जाळे ओढत. कधी कधी कुत्राही त्या जाळ्याखाली येई. दबून बसणाऱ्या याच कुत्र्यांपासून पुढे 'सेटर' घडला.

५/ १५७० मध्ये केंब्रिजचे वैद्य जॉन कीज यांनी ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिन भाषेत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेसनर यांच्यासाठी त्यांनी ही माहिती जमवली होती. तीत जमिनीवरचा स्पॅनियल वेगळा आणि पाण्यातला वेगळा. वर्गवारीचा निकष काम हा होता. वंशावळीची वही तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

६/ मग आली चकमकीची बंदूक. तोड्याच्या बंदुकीत जळती वात सांभाळावी लागे, त्यामुळे उडत्या पक्ष्यावर नेम धरणे जिकिरीचे होते. चकमकीने चाप ओढणे आणि बार उडणे यांतील अंतर कमी केले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यानंतर उडता पक्षी टिपण्याचा छंद इंग्लंडच्या उमराव वर्गात रुजला आणि स्पॅनियलला नवा जोडीदार मिळाला.

७/ हा छंद सर्वांसाठी नव्हता. १६७१ च्या शिकार कायद्यानुसार साधारणपणे वर्षाला १०० पौंडांचे स्वतःच्या जमिनीचे उत्पन्न असणाऱ्यालाच शिकारीचा हक्क होता. इतरांना बंदूक, जाळे, ग्रेहाउंड, इतकेच नव्हे तर पक्ष्यांपुढे दबून बसणारा कुत्रा बाळगण्यासही मनाई होती. घरात कोणता कुत्रा असावा, हे जमिनीचे उत्पन्न ठरवत होते. जमिनीची ही अट १८३१ मध्ये रद्द झाली आणि परवाना विकत घेणाऱ्याला शिकारीची वाट खुली झाली.

८/ बंदुकीबरोबर कुत्र्याच्या कामाची व्याख्या बदलली. ससाण्याला दूरवर झेपावता येते; छर्ऱ्यांची मात्र ठरावीक मर्यादा असते. म्हणून स्पॅनियलने शिकाऱ्यापुढे तीसेक पावलांच्या आत, डावीकडून उजवीकडे नागमोडी धावत जमीन पिंजून काढायची. पक्षी उठला की जागीच बसायचे. बार होऊन पक्षी पडला, तरी आज्ञा मिळेपर्यंत हलायचे नाही. मग पक्षी अलगद तोंडात धरून आणून द्यायचा.

९/ यातला कठीण भाग बसण्याचा. समोरून फडफडत उडालेल्या पक्ष्यामागे धावावे, ही कुत्र्याची उपजत ओढ. तो धावला तर छर्ऱ्यांच्या वाटेत येतो आणि पुढचे पक्षीही अकाली उधळतात. वेग आणि संयम एकाच जनावरात हवेत. कामाचा स्पॅनियल निवडणे अवघड का, याचे उत्तर या एका अपेक्षेत आहे.

१०/ अठराव्या शतकात 'स्प्रिंगर' आणि 'कॉकर' ही नावे रूढ झाली. शिकार दचकवून उठवतो तो स्प्रिंगर. दाट झाडीत दडणाऱ्या वुडकॉक पक्ष्याला हुडकतो तो कॉकर. ही नावे कामाची आणि आकाराची होती. एकाच वेतातले थोराड पिल्लू स्प्रिंगर ठरे आणि चणीने लहान असलेले कॉकर.

११/ काही घराण्यांनी मात्र आपल्या रानाला साजेसा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. नॉटिंगहॅमशायरमधील क्लंबर पार्क ही न्यूकॅसलच्या ड्यूकची जहागीर. क्लंबरचे नाव तिच्यावरूनच पडले. ससेक्समध्ये ऑगस्टस फुलर यांनी गडद सोनेरी छटेचा, दाट झाडीतून भुंकत चालणारा कुत्रा वाढवला. जेथे कुत्रा डोळ्यांना दिसत नाही, तेथे त्याचा आवाजच शिकाऱ्याला दिशा दाखवतो. श्रॉपशायरच्या बॉई घराण्याने तर १८१२ पासून आपल्या स्प्रिंगरांची वंशनोंद ठेवली.

१२/ एकोणिसाव्या शतकात बंदूक पुन्हा बदलली. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासावे लागत. मागून काडतूस भरायची बंदूक आली आणि दोन बारांमधील वेळ काही क्षणांवर आला. मोठ्या जहागिरींत हाकारे घालून पक्षी उडवायचे आणि पाहुण्यांनी एका जागी उभे राहून ते पाडायचे, ही पद्धत फोफावली. तेथे पक्षी उठवणारा कुत्रा नको होता, पडलेला पक्षी आणणारा रिट्रीव्हर हवा होता. स्पॅनियल उरला मुख्यतः झाडीझुडपांतून पायपीट करणाऱ्या शिकाऱ्यापाशी.

१३/ याच सुमारास कुत्र्यांसाठी एक नवे व्यासपीठ उभे राहत होते. १८५९ मध्ये न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे पॉइंटर आणि सेटर यांचे प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. वंशावळी छापल्या जाऊ लागल्या. कामावरून पडलेली नावे आता जाती म्हणून नोंदवली जाऊ लागली.

१४/ या नोंदींतील विसंगती पाहण्याजोगी आहे. कॉकर आणि फील्ड स्पॅनियल यांच्यातील सीमारेषा होती २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाची. तिच्या आत असेपर्यंत कुत्रा कॉकर. वजन वाढले की तोच फील्ड स्पॅनियल. कॉकरला १८९० च्या दशकात स्वतंत्र नोंद मिळाली, तरी वजनाची ही अट १९०१ मध्ये गेली. स्प्रिंगरची स्वतंत्र नोंद १९०२ ची.

१५/ प्रदर्शनाची सर्वांत मोठी किंमत मोजली फील्ड स्पॅनियलने. परीक्षकांना लांब पाठ आणि आखूड पाय आवडू लागले, म्हणून पैदासकारांनी पाठ आणखी लांबवली, पाय आणखी आखूड केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे कुत्रे दिसू लागले की ज्यांना कुंपण ओलांडणेही दुष्कर व्हावे. नावात 'फील्ड' राहिले, पण रानातले काम हातून सुटले. ही जात पुढे नामशेष होता होता वाचली. पाण्यात काम करणारा इंग्लिश वॉटर स्पॅनियल तर विसाव्या शतकात लुप्तच झाला.

१६/ सटन स्कार्सडेलची चाचणी हे या रूपवेडाला दिलेले उत्तर होते. आर्कराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह साधा होता : गनडॉगची परीक्षा गवतात, काट्यांत आणि चिखलात व्हावी. नाक किती तिखट, झुडपात शिरण्याची हिंमत किती, बार झाल्यावर संयम किती, आणलेला पक्षी किती शाबूत, हे निकष महत्त्वाचे ठरले.

१७/ परंतु चाचणीही तटस्थ नसते. मर्यादित वेळात अनेक कुत्र्यांची तुलना करायची, तर नजर चपळाईकडे जाते. पहिल्याच चाचणीत जिंकलेला संथ क्लंबर त्यामुळे हळूहळू मागे पडला आणि लांब पायांचा, वेगवान स्प्रिंगर पुढे आला. क्लंबरचे नाक बोथट झाले नव्हते. मोजमाप बदलले होते. प्रदर्शनाने रूप निवडले, चाचणीने वेग निवडला. ज्याची परीक्षा घेतली जाते, तेच पुढच्या पिढीत उतरते.

१८/ म्हणून आज ब्रिटनमध्ये एकाच जातीच्या नावाखाली दोन वेगळे कुत्रे दिसतात. प्रदर्शनाच्या वंशातील स्प्रिंगर भारदस्त, लांब कानांचा, दाट केसांचा. कामाच्या वंशातील स्प्रिंगर हलका, आखूड कानांचा, सदैव धावायला आतुर. कॉकरचेही तसेच. कागदावर जात एकच. त्यामुळे जाणता शिकारी पिल्लू घेताना जातीचे नाव विचारून थांबत नाही. आईबापांनी रानात काय काम केले, हे विचारतो.

१९/ आणि हे काम बंदुकीबरोबर संपले नाही. २००३ मध्ये इराकमधील सफवान येथे 'बस्टर' नावाच्या ब्रिटिश लष्करातील स्प्रिंगरने दडवलेला शस्त्रसाठा हुडकला; त्याबद्दल त्याला डिकिन पदक मिळाले. भारतातील विमानतळांच्या सुरक्षा श्वानपथकांतही कॉकर दिसतो. वुडकॉकची जागा स्फोटकांनी घेतली. पुढे नागमोडी धावणे, वास लागताच थांबणे आणि माणसाच्या आज्ञेची वाट पाहणे तेच राहिले.

२०/ जॉन कीज यांनी १५७० मध्ये कुत्र्याला त्याच्या कामावरून ओळखले. तीन शतकांनंतर कागदाने त्याला जात दिली आणि त्या कागदावर विसंबलेल्यांनी फील्ड स्पॅनियल जवळपास गमावला. 'जातिवंत' हे विशेषण स्पॅनियलच्या इतिहासात वंशावळीच्या वहीपेक्षा जुने आहे. ते काट्यांच्या जाळीत कमावले गेले आणि प्रत्येक पिढीला तेथेच पुन्हा कमवावे लागते.

(समाप्त)