विकलेला खेळ कोणाचा?



वस्तू विकल्यावर तिच्यावर विकणाऱ्याचा हक्क किती उरतो, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. अलीकडे तो व्हिडिओ गेमच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. पोरांचा खेळ म्हणून तो सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ विक्रीस आणला. एकट्याने खेळायचा म्हटला तरी तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी जोडावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले. ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली होती, त्यांच्या हाती डिस्क राहिली, खेळ गेला. ग्राहक कॅलिफोर्नियात न्यायालयात गेले, तेव्हा कंपनीने बाजू मांडली की विकला गेला तो खेळ नव्हे, वापरण्याचा परवाना.

यातून चळवळ उभी राहिली. युरोपीय संघाकडे केलेल्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये सह्यांनी दहा लाखांचा आकडा ओलांडला. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देत असल्याचे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘खरेदी’ हा शब्द विक्रेत्यास वापरता येत नाही.

सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, हे खरे. पण तो कायम चालवा, अशी मागणीच नाही. जाताना खेळ चालता ठेवून जा, एवढेच मागणे आहे. आणि ते अशक्यही नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ एनसीसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद केला. चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने त्यांच्या एका गटास रीतसर परवाना दिला.

अशा खेळांत चित्रकारांचे, संगीतकारांचे, प्रोग्रामरांचे वर्षानुवर्षांचे श्रम असतात. सर्व्हर बंद होताच ते पुढच्या पिढीला पाहावयासही मिळू नयेत, ही इतिहासाची हानी आहे.

कामगारांचे करार करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. कारखाना बंद होताना कोणाला काय मिळायचे, ते तो चालू असतानाच लिहून घ्यावे लागते. कुलूप लागल्यावर बोलणी करावयास समोर कोणी उरत नाही. खेळाच्या पावतीवरही शेवटाची अट पहिल्याच दिवशी लिहिलेली असावी.