‘अमोनाइट’ : एक नाम, दोन कुळे

अंबरनाथचे शिवमंदिर (शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तो दख्खनच्या लाव्हाचा बसाल्ट होय. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीवर थिजला. त्याच सुमारास समुद्रातील अमोनाइट हे चक्राकार कवचाचे प्राणी नामशेष झाले. त्यामुळे उल्हासनगर-बदलापूरकडील देवघरांत चक्रांकित शाळिग्राम पुजला जातो तो इथल्या खडकातला नव्हे. तो नेपाळातील गंडकीच्या पात्रातून येतो, आणि त्यातील चक्र हे बहुधा अमोनाइटाचेच असते.

नावाचा प्रवास निराळा. मेंढ्याची शिंगे असलेल्या आमोन ह्या मिसरी देवावरून प्लिनीने, इ. स.च्या पहिल्या शतकात, अशा दगडाला ‘आमोनचे शिंग’ म्हटले. बायबलातील अम्मोनी लोक मात्र यार्देन नदीच्या पूर्वेचे. त्यांची राजधानी राब्बा, आजचे अम्मान. इंग्रजीत दोन्ही शब्दांची अक्षरे एकच. मराठीने द्वित्व राखून घोटाळा टाळला, हे बरेच झाले! ध्वनिसाम्यावरून त्यांना एका कुळात बसवणे मात्र टिकणारे नाही : मिसरी नावाचा अर्थ ‘गुप्त’, तर अम्मोनचा संबंध ‘लोक, आप्त’ ह्या अर्थाच्या सेमिटिक ‘अम्म’शी लावला जातो.