जुन्या गाडीचे इंजिन अडखळते तेव्हा…

अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीच्या एखाद्या जुन्या वस्तीत काय, घरासमोर आच्छादनाखाली जपून ठेवलेली जुनी गाडी अजूनही दृष्टीस पडते. कुठे बजाज चेतक, कुठे प्रीमियर पद्मिनी, तर कुठे पहिल्या पिढीतील मारुती ८००. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या पद्मिनीचे उत्पादन २००० च्या आसपास थांबले. बजाजने स्कूटरनिर्मितीतून बाहेर पडण्याचा निर्णय २००९ मध्ये जाहीर केला. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ची निर्मिती जानेवारी २०१४ मध्ये संपली. गाड्या इतिहासजमा झाल्या, तरी त्यांच्याशी जुळलेला जिव्हाळा कायम आहे. अशी गाडी एके दिवशी थरथरू लागते, गचके देते, चढावर दम टाकते. गॅरेजच्या भाषेत ती 'मिसिंग मारते'. अशा वेळी 'इंजिन खोलावे लागेल' हे वाक्य ऐकून मालकाचे धाबे दणाणते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष एखाद्या प्लगमध्ये किंवा कचऱ्याने बुजलेल्या जेटमध्ये असतो. म्हणूनच क्रमाने तपासणी करणे महत्त्वाचे ठरते.

आधी लक्षणे, मग पाना

इंजिन सुरळीत चालण्यासाठी योग्य वेळी पडणारी ठिणगी, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि पुरेसा दाब (कॉम्प्रेशन) या तीन गोष्टी लागतात. यांपैकी एक जरी बिघडली तरी इंजिन अडखळते. दोष केव्हा जाणवतो, याची नोंद प्रथम करावी. केवळ आयडलिंगला थरथर असेल तर कार्बोरेटरचे आयडलिंग, मॅनिफोल्डमधून शिरणारी जादा हवा किंवा व्हॉल्व्हची गळती यांचा संशय घ्यावा. भार पडताच गचके बसत असतील तर प्लग, कॉइल किंवा अपुरा पेट्रोलपुरवठा तपासावा. केवळ पावसाळी सकाळी त्रास होत असेल, तर प्लगच्या वायर व डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील ओल कारणीभूत असू शकते. इंजिनाचा ठोका नियमित असूनही गाडी हादरत असेल, तर झिजलेली रबरी माउंटिंग पाहावीत. तिथे ट्यूनिंगवर केलेला खर्च वाया जातो.

दोषी सिलिंडर कोणता?

पद्मिनीला चार, तर मारुती ८०० ला तीन सिलिंडर असतात. कार्बोरेटरच्या गाडीत आयडलिंगवर एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. वायर काढताच इंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर काम करीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच आहे. या वायरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे हे काम जाणकार मिस्त्रीनेच रोधक पकडीने करावे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग टाळावा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होऊ शकतो.

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग बदलला की काम भागते. प्लगचा रंगही बरेच काही सांगतो. फिकट तपकिरी रंग निरोगी इंजिनाचा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होते आहे, तेलकट काळा थर असेल तर ऑइल वर चढते आहे आणि पांढरटपणा असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा इंजिन अति तापते आहे, असे समजावे. टू-स्ट्रोक चेतकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असल्याने प्लग आणि सायलेन्सर दोन्ही कार्बनने भरतात. दरवेळी स्कूटर तिरकी केल्याशिवाय सुरू होत नसेल, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल नीट पोहोचत नाही, असे मानण्यास जागा आहे.

वऱ्हाडी उन्हाचा हिसका

वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. भर दुपारी गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालेच नव्हते अशी सुरू होते, हा अनेकांचा अनुभव. पेट्रोल नळीत किंवा पंपात उकळून त्याची वाफ अडकते, त्याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवण्याचा घरगुती उपाय त्यावरच शोधला गेला. मात्र तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर हेच लक्षण दाखवतात. फरक ओळखण्यासाठी गाडी बंद पडल्याक्षणी ठिणगी तपासावी. ठिणगी जोरदार असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला, नसेल तर विजेच्या बाजूला. ही तपासणी पेट्रोल सांडलेल्या जागेजवळ कदापि करू नये.

पेट्रोल बदलले

२० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. जुन्या गाड्यांची रचना त्यासाठी झालेली नव्हती. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण पातळ होते. शिवाय ते ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम, सील यांना मऊ करते. म्हणून नळ्या तपासाव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि महिनोन्महिने उभ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

शेवटी दाबाची परीक्षा

ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठीक असूनही इंजिन अडखळत असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग व बोअर झिजले आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्हचा संशय घ्यावा आणि प्रथम टॅपेटचे अंतर पाहावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल, तर हेड गॅसकेट फुटलेले असण्याची शक्यता मोठी. ही परीक्षा झाल्याशिवाय इंजिन खोलण्यास संमती देऊ नये.

दुर्लक्ष महागात

न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते आणि झीज वाढवते. पातळ मिश्रणावर दामटलेल्या इंजिनाचा पिस्टन जळू शकतो. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगकडे केलेले दुर्लक्ष अखेर बोअरपर्यंत पोहोचते. प्रदूषणाचाही प्रश्न आहेच. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. अडखळणारे इंजिन ती सहज ओलांडते आणि पीयूसी अडते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळच्या तपासणीत गाडी टिकायची असेल, तर तिच्या पहिल्या गचक्यालाच दाद द्यावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी मात्र करू नये. त्या वायूला वास नसतो आणि तो जिवावर बेततो.