एक टक्क्याचं भांडण

विज्ञानाच्या इतिहासात मला क्रांत्यांपेक्षा एक टक्क्याची भांडणं जास्त आवडतात. क्रांती सगळ्यांनाच दिसते. एक टक्का ज्याला दिसतो, त्याची मात्र झोप उडते.

हे भांडण सोडियमचं. एलईडी येण्याआधी रस्त्यांवर पिवळे दिवे असायचे, ते आठवा. सोडियमचा अणू ऊर्जा घेऊन उत्तेजित होतो आणि थोड्या वेळाने ती ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशात सोडून देतो. थोडा वेळ म्हणजे किती? सरासरी १६ नॅनोसेकंद आणि वर थोडं काहीतरी. भांडण त्या ‘थोडं काहीतरी’वरून होतं.

१९८२ साली गाउप, कुस्के आणि आन्द्रा यांनी हा काळ मोजला. उत्तर आलं १६.४० नॅनोसेकंद, आणि अनिश्चितता फक्त ०.०३. कागदावर गणित करणारे म्हणत होते, एवढा नाही, १६.२च्या जरासा वर. फरक जेमतेम एक टक्का. पण दोन्ही बाजूंचा दावा त्याहून बारीक अचूकतेचा होता. लिथियमबाबतही असंच बिनसलं होतं, आणि लिथियममध्ये तर तीनच इलेक्ट्रॉन असतात. तीन इलेक्ट्रॉनांचा हिशेब जमत नसेल, तर पुढच्या भल्यामोठ्या अणूंच्या हिशेबावर कोणी का विश्वास ठेवावा? ही ठसठस चौदा वर्षं राहिली.

ती मिटवणाऱ्यांपैकी एक उत्तर आलं अगदी वेगळ्या वाटेने: दोन अणूंमधल्या ओढीतून.

अणू-रेणू एकमेकांना दुरून थोडं ओढतात, हे वान डर वाल्स यांनी १८७३च्या प्रबंधात धरलं होतं. १९३० साली लंडन यांनी (हे आडनाव आहे, शहर नव्हे) क्वांटम सिद्धान्तातून त्याचं कारण दिलं. या ओढीची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट केलं की उरतो ६४वा हिस्सा.

पण दोन अणू हुबेहूब सारखे असतील आणि त्यातला एक उत्तेजित असेल, तर खेळ बदलतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा आठवा. दोन्ही एकाच स्वरात लावलेल्या असतात, म्हणून एक छेडली की दुसरीही थरथरते. अणूंचंही तसंच. ऊर्जा याच्याकडून त्याच्याकडे जाते, परत येते, आणि उत्तेजित नेमका कोण, हे सांगताच येत नाही. या देवाणघेवाणीतून जे बल तयार होतं, त्याची ऊर्जा तिसऱ्याच घाताने घटते. दुप्पट अंतरावरही ८वा हिस्सा शिल्लक! किंग आणि व्हॅन व्ल्हेक यांनी १९३९ साली या अनुनादी बलावर लिहिलं होतं.

यातली कळीची गोष्ट अशी: अणू शेजाऱ्याला ज्या जोराने ऊर्जा देतो, त्याच जोराने तो बाहेर प्रकाश टाकतो. दोन्हींच्या मुळाशी एकच राशी आहे. म्हणजे ओढ मोजली की आयुष्य कळलं, घड्याळ न लावता.

मोजायची कशी, हा प्रश्न होता. खोलीच्या तापमानाला अणू इतक्या वेगवेगळ्या वेगांनी आदळतात, की त्या दूरच्या ओढीच्या बारीक खुणा पुसल्या जातात. मग लेझरने अणू थंड करण्याचं तंत्र आलं. तापमान केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली गेलं. १९८७ साली थॉर्शाइम, वायनर आणि ज्युलियन यांनी सुचवलं, की अशा गार अणूंची जोडी नेमक्या रंगाच्या लेझरने जोडून रेणू करता येईल. १९९३ साली ते प्रत्यक्षात दिसलं, सोडियममध्ये आणि रुबिडियममध्येही.

यातले काही रेणू फारच विलक्षण होते. साध्या सोडियम रेणूत दोन अणूंमध्ये ०.३ नॅनोमीटर अंतर असतं. इथे त्याच्या सुमारे दहापट. एकमेकांना न चिकटता, निव्वळ दूरच्या ओढीवर टिकलेला संसार! अणू जवळच येत नसल्यामुळे जवळच्या किचकट बलांची लुडबुडही नाही. माझ्या मते इतका स्वच्छ रेणू निसर्गाने क्वचितच दिला असेल.

१९९६ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेत जोन्स, लेट, विल्यम फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी या रेणूच्या रेषा मोजून सोडियमचं आयुष्य काढलं: १६.२३० नॅनोसेकंद. गणितवाले बरोबर होते. त्याच वर्षी इतर गटांनी निराळ्या पद्धतींनी केलेली मोजमापंही तिकडेच झुकली. लिथियमचा वादही ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात याच युक्तीने सुटला.

पण एनआयएसटीच्या मोजणीत आणखी एक गोष्ट हाती लागली. कॅसिमिर आणि पोल्डर यांनी १९४८ साली, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत (वरच्या फिलिप्सशी संबंध नाही), दाखवलं होतं, की प्रकाशाला एका अणूपासून दुसऱ्यापर्यंत जायला वेळ लागतो आणि त्यामुळे ओढ बदलते. चारेक नॅनोमीटरचं अंतर कापायला प्रकाशाला नॅनोसेकंदाचा जवळपास दहा कोटीवा भाग लागतो. एवढीशी दिरंगाई हिशेबात धरली नाही, तर मोजलेल्या रेषा जुळत नव्हत्या. धरली की जुळत होत्या.