छोट्या चमूंचे खेळ : काही स्वतंत्र व्हिडिओ गेमची पारख

लोहारा, वार्ताहर :

मोठ्या कंपनीचे भांडवल पाठीशी नसताना एकट्या व्यक्तीने किंवा मोजक्या जणांच्या चमूने तयार केलेल्या व्हिडिओ गेमला ‘इंडी’ अर्थात स्वतंत्र गेम म्हटले जाते. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी गेम म्हणजे प्रामुख्याने हातातला मोबाइल. त्यामुळे पुढील पारख करताना विषय किती थोर, याऐवजी तो खेळ खेळणाऱ्याला प्रत्यक्षात काय करायला लावतो, ही कसोटी मुख्य मानली आहे. विषयाच्या पुण्याईवर खेळाला गुण देण्याची आपल्याकडची सवय बरी नव्हे.

स्टारड्यू व्हॅली (२०१६) : अमेरिकेतील एरिक बॅरोन याने चारहून अधिक वर्षे एकट्याने खपून चित्रे, संगीत आणि आज्ञावली सिद्ध केली. २०२४ अखेर या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. नायकाला आजोबांची पडीक जमीन मिळते. दगड फोडायचे, पेरायचे, पाणी घालायचे, माल पेटीत ठेवायचा आणि सकाळी पैसे मोजायचे. ऋतू २८ दिवसांचा. ऋतू पालटला की बहुतेक पिके वाळून जातात आणि बुजगावणे नसेल तर कावळे पीक खातात. शेतीची ही शिस्त लेखकाने नेमकी पकडली आहे. परंतु धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरातला मुलगा हा खेळ खेळू लागला की काही गोष्टी त्याला खटकल्यावाचून राहणार नाहीत. येथले तळे कधी आटत नाही. मालाचा भाव दर्जावर ठरतो, बाजारात आवक वाढली म्हणून तो कोसळत नाही. सावकार नाही, पीककर्ज नाही, विम्याचा अर्जही नाही. सोयाबीनचा भाव पाहून मोंढ्यातून परतणाऱ्या माणसाला ही शेती म्हणजे सुटीच वाटेल. तरीही खेळ उत्तम आहे, कारण रोजच्या छोट्या कामाचे समाधान तो प्रामाणिकपणे देतो. अवर्षणाच्या पट्ट्यातील शेती दाखवणारा खेळ मात्र कोणीतरी वेगळा करावा लागेल.

पेपर्स, प्लीज (२०१३) : लुकास पोप याची निर्मिती. १९८२ सालचा आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, सीमेवरची तपासणी चौकी आणि खिडकीत बसलेले आपण. पारपत्र, परवाना, छायाचित्र, तारीख ताडून पाहायची आणि शिक्का मारायचा. तपासलेल्या माणसागणिक मेहनताना मिळतो. चूक झाली की प्रथम ताकीद, मग दंड. संध्याकाळी घरभाडे, अन्न, शेगडी आणि औषध यांपैकी काय परवडते ते ठरवावे लागते. एखादी स्त्री कागद अपुरे असूनही नवऱ्याच्या मागे आत सोडण्याची विनवणी करते, तेव्हा माणुसकीची किंमत घरच्या पोरांच्या तोंडच्या घासातून वसूल होते. एका दाखल्यासाठी कार्यालयाच्या खेपा घातलेल्यांनी खिडकीच्या आतली बाजू पाहण्यासाठी तरी हा खेळावा. या यादीतील सर्वांत श्रेष्ठ खेळ हाच.

राजी : अॅन एन्शंट एपिक (२०२०) : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा खेळ. २०१७ मध्ये किकस्टार्टरवरून लोकवर्गणी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरीही चमूने काम सोडले नाही. कसरती करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतील कथाप्रसंग डोळ्यांचे पारणे फेडतात. ‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट पदार्पण विभागात त्याला नामांकन लाभले, पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ला मिळाले. आता दोष. त्रिशूळाचे वार आणि उड्या यांची सांगड सैल आहे, हुकमी क्षणी राजी आज्ञा पाळत नाही आणि शेवट तर चालू वाक्य अर्धवट सोडावे तसा तुटतो. आपल्या पुण्याचा म्हणून हे झाकू नये. पाहण्यास अव्वल, लढण्यास मध्यम.

वेनबा (२०२३) : टोरांटोच्या विसाई गेम्सचा छोटेखानी खेळ. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेले तमिळ दांपत्य, फाटक्या वहीतली पुसट पाककृती, इडलीच्या ताटल्यांचा योग्य क्रम आणि मायबोलीपासून दुरावत जाणारा मुलगा. दीड तासाच्या आसपास संपतो. स्वयंपाकाचे कोडे आणखी कठीण हवे होते. मुलाचे दुरावणे मात्र मनात राहते. २०२४ मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

मिसिंग (२०१६) : मुलींच्या तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने झालेला मोबाइल खेळ. विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी राहून सुटकेची वाट शोधायची असते. चित्रे साधी, पर्याय थोडे. पण पर्यायांची ही टंचाईच येथे आशय आहे. लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.

‘स्टारड्यू व्हॅली’ आणि ‘पेपर्स, प्लीज’ हे दोन्ही खेळ मोबाइलवर आले, अनुक्रमे २०१८-१९ आणि २०२२ मध्ये. एकदा पैसे भरून ते विकत घ्यायचे असतात. पुढे नाणी किंवा हिरे खरेदी करण्याचा तगादा लागत नाही. त्यांत मराठी भाषेचा पर्याय नाही. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसल्याने इंग्रजीची थोडी सवय लागेल, ‘स्टारड्यू’ त्यामानाने चित्रांवरूनही उमगतो.