कुकची नोंद आणि सीलांचा संहार

दक्षिणेकडील अज्ञात खंडाचा शोध करीत कॅप्टन जेम्स कुक १७ जानेवारी १७७५ रोजीं एका हिमाच्छादित बेटावर उतरला. इंग्लंडच्या राजावरून त्यानें त्यास (आजच्या साउथ जॉर्जियास) ‘आइल ऑफ जॉर्जिया’ असें नांव दिलें. ही ओसाड भूमि कोणाच्या उपयोगी पडेल असें त्यास वाटलें नाहीं; मात्र किनाऱ्यावर सील पुष्कळ आहेत, एवढें त्यानें टिपून ठेविलें.

१७७७ मध्यें प्रवासवृत्त प्रसिद्ध झालें आणि थोड्याच वर्षांत शिकारी जहाजें तेथें येऊन थडकलीं. सीलाच्या मऊ, दाट लवेच्या कातड्यास चीनमधील कँटन बंदरीं चांगला भाव येई. पिल्लांच्या जन्मासाठीं सील किनाऱ्यावर दाटीनें जमत. जमिनीवर शत्रु असा त्यांस ठाऊकच नव्हता. सोट्याच्या घावांखालीं ते हजारोंनीं पडले. १८००-०१ च्या एका हंगामांत एडमंड फॅनिंग ह्या अमेरिकन कप्तानानें ५७,००० कातडीं नेलीं. जेम्स वेडेल ह्या नाविकानें १८२५ च्या आपल्या ग्रंथांत एकंदर आंकडा बारा लक्ष धरला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ही जात जवळजवळ नामशेष झाली होती. पुढें लगतच्या बर्ड बेटावर एक लहानसा कळप आढळला. शिकार थांबली होती, म्हणून त्यांतूनच पुनः लक्षावधि सील झाले. कुकची लेखणी निष्पाप होती. तिचें फळ मात्र वाचणाऱ्याच्या हेतूवर ठरलें.